टेलच्या गावचा वाचक

बाइंडरकडून नवं पुस्तक बाहेर पडतं तेव्हा त्याला डिंकाचा ओला वास असतो. खाकी कागदात बांधलेले, सुतळीने आवळलेले गठ्ठे, वर जाड पेनाने लिहिलेलं पुस्तकाचं नाव आणि आतल्या प्रतींचा आकडा. गठ्ठे टेम्पोत चढतात, पेठेतल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर उतरतात आणि तिथे एकावर एक रचले जातात. पुण्यात राहायला आल्यापासून हे दृश्य मी कितीदा तरी पाहिलं आहे. दर वेळी हात पुढे होतो, एखादी प्रत उघडून पाहावीशी वाटते. आणि पाठोपाठ मनात येतं, यातल्या किती प्रती घाट उतरतील? किती गोदावरी ओलांडतील?

हिशेब सोपा आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती एके काळी हजार-अकराशे प्रतींची असायची. आता ती पाचशेवर, तीनशेवर आली, आणि पुष्कळदा मागणी येईल तशा पन्नास-शंभर प्रती छापून घेतल्या जातात. 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 8 कोटी 30 लाख लोक होते. महाराष्ट्रात तालुके 358. हजाराची आवृत्ती सगळीकडे सारखी वाटली तरी तालुक्याला तीन प्रती येत नाहीत. पण सारखी वाटतो कोण? काही प्रती लेखकाच्या घरी जातात, काही अभिप्रायासाठी, काही पुण्या-मुंबईच्या चार-सहा मोठ्या दुकानांत, बऱ्याचशा ग्रंथालयांच्या खरेदीत, आणि उरलेल्या त्याच तळमजल्यावर पहिल्या पावसाची ओल धरतात.

वाचक दुकानात शिरतो आणि फळीवरून नजर फिरवतो तेव्हा आपण निवड करतोय असं त्याला वाटतं. खरी निवड त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते. कुणी किती सवलत दिली, कुणी किती महिने उधारीवर माल सोडला, कुणाचा माणूस फिरतीवर आला आणि कुणाचा आलाच नाही, यावर ती फळी भरलेली असते. मुख्य म्हणजे न आलेल्या पुस्तकाची कुणी तक्रार करत नाही. जे पाहिलंच नाही त्याची चुटपुट कशी लागणार? मराठीतली कितीतरी चांगली पुस्तकं अशी बिनतक्रार गेली. त्यांना कुणी वाईट म्हटलं नाही, कुणी नाकारलं नाही. ती वाचकासमोर आलीच नाहीत. मला याचं दुःख होतं, आणि ते वर्षागणिक वाढत चाललं आहे.

माझं लहानपण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेलं. बाजारपेठेत पुस्तकांचं एकच दुकान. पाटीवर ‘पुस्तकालय’ लिहिलेलं, आणि आत वह्या, कंपासपेट्या, चार्टपेपर, शाईच्या दौती, राख्यांच्या दिवसांत राख्या. जून-जुलैत दुकानासमोर रांग लागायची, ती गाइडांसाठी. बाकीचे दहा महिने त्या दोन महिन्यांच्या कमाईवर निघायचे. गल्ल्यामागे एक आडवी फळी होती, तीन-साडेतीन हातांची. तिच्यावर हरिपाठ, ज्ञानेश्वरी, रांगोळीची पुस्तकं, पत्रलेखन, ‘श्यामची आई’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘छावा’. आमच्या गावाच्या लेखी मराठी साहित्य तेवढंच होतं. आज त्याच गावात गेलं तर फळ्या वाढलेल्या दिसतात, पण पोलीस भरती, तलाठी भरती आणि राज्यसेवेच्या पुस्तकांनी. ‘मृत्युंजय’ आहे तिथेच आहे. 1967 साली आलेली ती कादंबरी अजून हमखास खपते, आणि हमखास खपते म्हणून दुकानदार पुन्हा तीच मागवतो. तिच्या वाचकांबद्दल मला आदर आहे. मीही त्यांतलाच एक. पण तिच्या शेजारी बसायला जागा मागणारी नवी कादंबरी दुकानदाराला परवडत नाही, हेही खरं आहे.

का परवडत नाही? अडीचशे रुपयांचा एखादा कथासंग्रह घ्या. पंचवीस टक्के सवलतीने दुकानदाराच्या वाट्याला साठ-बासष्ट रुपये. एकच प्रत मागवली तर त्यातला मोठा वाटा पार्सलच्या खर्चातच संपतो. दहा प्रती मागवल्या तर खर्च वाटला जातो, पण दहा गिऱ्हाइकं कुठून आणायची? न खपलेली परत पाठवायची म्हटलं तर परतीचा खर्च त्याचाच, आणि कोपरा दुमडलेली, कव्हर मळलेली प्रत प्रकाशक घेत नाही. तेवढ्याच जागेत एक गाइड चार वेळा विकलं जातं. मी या माणसांना दोष देणार नाही. भाडं, वीजबिल आणि पोरांची फी भागवून ज्यांनी फळीवर दोन कवितासंग्रह ठेवले, त्यांनी मराठीसाठी पुष्कळ केलं.

आमच्या दुकानदार काकांकडे एक लांबट हिशेबाची वही होती. मागच्या पानांवर गिऱ्हाइकांनी पाहिजे असलेल्या पुस्तकांची नावं लिहायची. काका अधूनमधून रातराणीने पुण्याला यायचे, अप्पा बळवंत चौकातून गाइडांचे गठ्ठे उचलायचे, आणि वहीतलं एखादं नाव सापडलं तर ते पुस्तक त्याच गठ्ठ्यात खुपसून आणायचे. नववीच्या भूमितीच्या आणि दहावीच्या भूगोलाच्या मधून माझी ‘कोसला’ अशी निघाली. तिच्या पुठ्ठ्यावर सुतळीचा वळ उमटलेला होता. काकांनी तो अंगठ्याने दाबून बघितला, नाही गेला, आणि म्हणाले, “राहू दे, दोन रुपये कमी दे.” ती प्रत अजून माझ्याकडे आहे. वळही आहे.

पण त्या वहीत ‘कोसला’ हे नाव मी लिहू शकलो, कारण ते कॉलेजातल्या एका सरांनी वर्गात उच्चारलं होतं. ते उच्चारलं नसतं तर काका शंभर वेळा पुण्याला जाऊन आले असते तरी काय उपयोग? पुस्तक वाचकापर्यंत पोचतं म्हणजे दोन गोष्टी पोचतात: आधी नाव, मग प्रत. चांगलं दुकान या दोन्ही गोष्टी एकदमच हातात ठेवतं. माहीत नसलेलं पुस्तक समोर दिसतं, आपण ते उचलतो, चार ओळी वाचतो, आणि ते आपलं होतं. जिथे दुकान नाही तिथे या दोन गोष्टींची ताटातूट होते. आता घरबसल्या मोबाइलवरून पुस्तक मागवता येतं, आडगावीही चार-आठ दिवसांत पार्सल येतं. ही मोठीच सोय झाली, पण ती प्रतीची. नाव ज्याला ठाऊक आहे त्याचंच काम तिने सोपं केलं.

मराठवाड्यात कालव्याच्या पाण्यावरून भांडणं होतात ती टेलच्या गावांची. हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, ऊस उभा असतो. पाणी खाली सरकतं तसं जो तो आपलं रान भिजवून घेतो आणि टेलच्या गावाला कोरडी चारी उरते. पुस्तकांचंही तसंच आहे. पुण्यात डेक्कन ते अप्पा बळवंत चौक, मुंबईत गिरगाव, दादर, पार्ले आणि पलीकडे ठाणे: एवढ्या टापूत मराठी पुस्तक भिजून निघतं. परभणी, वाशीम, नंदुरबार, गडचिरोली टेलला.

उलट बाजूही आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. टेलची गावंही पुस्तकं छापतात. चंद्रपूर-भंडाऱ्याकडे झाडीबोलीत कवितेची, कथांची पुस्तकं निघतात. खानदेशात अहिराणीत निघतात. गोव्यातही मराठी पुस्तकं निघतात. ती लेखकाच्या पिशवीतून संमेलनाला जातात, सत्काराच्या वेळी हातात दिली जातात, आणि बहुतेकदा तिथेच थांबतात. पुण्याच्या दुकानात त्यांना फळी नाही, कारण त्यांना वितरक नाही. वितरक नाही, कारण त्यांची यादी दोन-चार पुस्तकांची आहे आणि तेवढ्यासाठी खातं उघडणं कुणालाच परवडत नाही. मग पुण्या-मुंबईचा समीक्षक वर्षाचा आढावा लिहायला बसतो आणि त्याच्या टेबलावर जे आलं त्यालाच त्या वर्षाचं मराठी साहित्य म्हणतो. हा अन्याय आहे, आणि तो कुणीही ठरवून केलेला नसल्यामुळे त्याची दादही कुणाकडे मागता येत नाही.

ग्रंथालयं हा या सगळ्यावरचा उपाय ठरायला हवा होता. 1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात अनुदान घेणाऱ्या वाचनालयांचं जाळं उभं राहिलं. आज ती अकरा-बारा हजार आहेत: अ, ब, क, ड वर्गांची, कुठे दगडी इमारतीत, कुठे ग्रामपंचायतीच्या एका खोलीत. मराठी पुस्तकाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक तीच. पण अनुदानाचा हप्ता हाती पडतो तेव्हा आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं, खरेदी घाईने उरकायची असते, आणि जास्त सवलत देणारा पुरवठादार बाजी मारतो. भरमसाट सवलत देता यावी म्हणून किंमत आधीच फुगवलेली, ग्रंथालयांच्या खरेदीसाठीच छापलेली पुस्तकं कितीतरी कपाटांत उभी आहेत. पुठ्ठा कडक, कागद जाड, आणि आतल्या पानांवर कुणाच्या बोटांचा डाग नाही. अशा वाचनालयात दिवसभर बसून महिनाकाठी तुटपुंजं मानधन घेणारा ग्रंथपाल वाचकाचं मागणं ओळखून असतो. त्याला विचारून खरेदी झाली असती तर कपाटं वेगळी दिसली असती.

आता मला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट सांगतो. मराठीतली काही अव्वल पुस्तकं सरकारने स्वतः छापली आहेत, आणि तीही अत्यंत स्वस्त. 1960 साली स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाने 1969 मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ काढलं. विश्वकोशाचा पहिला खंड 1976 चा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालचा. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड राज्याच्या शिक्षण विभागाने 1979 पासून काढायला सुरुवात केली. वसंत मून यांनी त्यांत आपलं आयुष्य ओतलं. त्या किमतीत कुठलाही खाजगी प्रकाशक हे ग्रंथ देऊ शकला नसता.

आणि ही पुस्तकं मिळतात कुठे? मुंबईत चर्नी रोडला, पुण्यात फोटोझिंको मुद्रणालयाच्या आवारात, आणि आणखी मोजक्या शहरांतल्या शासकीय ग्रंथागारांत. कचेरीची वेळ, सुट्ट्या कचेरीच्या, आणि हवा तो खंड ‘शिल्लक नाही’. नेहमीच्या दुकानदाराला या पुस्तकांत काही सुटत नाही, म्हणून तो ती ठेवत नाही. बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडली तेव्हा 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वर्तमानपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. लाखो लोक ज्या पुस्तकाची वाट पाहतात ते छापावं म्हणून कोर्टाला सांगावं लागलं! मंडळाने आपली पुष्कळशी पुस्तकं आता संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. पण फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ ज्याच्याविषयी आहे त्या शेतकऱ्याच्या घरात तो फोनच्या पडद्यावर नको, कोनाड्यात हवा.

लोक पुस्तक मागत नाहीत, मराठी माणूस वाचत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी 6 डिसेंबरला दादरला घेऊन जाईन. चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रांगा समुद्राच्या कडेने सरकत असतात आणि इकडे शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या ओळीच्या ओळी लागलेल्या असतात. वर ताडपत्री, खाली सतरंजी किंवा लाकडी फळ्या, आणि त्यांवर दहा रुपयांच्या पुस्तिकेपासून हजार रुपयांच्या ग्रंथापर्यंत सगळं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, संविधान, फुल्यांचं वाङ्मय, शाहिरांची गाणी, आत्मकथनं, कालच छापून आलेली एखाद्या शिक्षकाची चोपडी. पुस्तकासाठीच बांधलेलं बाबासाहेबांचं राजगृह तिथून फार लांब नाही, आणि आलेली माणसं त्या घराचं नातं मनात धरून असतात.

एकदा तिथे एका बाईंना मी जवळून पाहिलं. हिंगोलीकडच्या असाव्यात, बोलण्यावरून. पांढरं लुगडं, पाठीला पोतडी, सोबत शाळकरी नातू. त्यांनी कमरेच्या चंचीतून घडी केलेला चिटोरा काढला आणि नातवाने तो वाचून दाखवला. गावातल्या पोरांनी नावं लिहून दिली होती. विक्रेत्याने एकेक पुस्तक पुढे ठेवलं. बाईंना वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक पुस्तक त्यांनी हातात घेतलं, उलटं करून पाठ पाहिली, पानं नीट बांधली आहेत का ते बोटाने चाचपलं. एकाच्या कव्हरावर बाबासाहेबांचा फोटो होता. ते त्यांनी कपाळाला लावलं. मग पैसे मोजले, पुस्तकं पदरात गुंडाळून पोतडीच्या मधोमध ठेवली, वर भाकरीचं फडकं. त्या रात्री ती पुस्तकं गाडीने एका अशा गावाला गेली असतील जिथे कुठल्याच वितरकाचं खातं नाही.

नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी हेच घडतं. मोठ्या दुकानांनी ज्यांना फळी दिली नाही त्या लहान प्रकाशकांचं वर्ष या दोन ठिकाणच्या विक्रीवर तरून जातं. इथे नाव आणि प्रत यांची ताटातूट होत नाही, कारण पुस्तक नेणाऱ्या माणसाला ते आपण कुणासाठी नेतोय हे ठाऊक असतं. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर हरिपाठ आणि गाथा अशाच गेल्या; आमच्या काकांच्या फळीवर हरिपाठ होता तोही त्या वाटेनेच आला होता.

गोविंद पानसरे यांचं ‘शिवाजी कोण होता?’ हे छोटं पुस्तक 1988 साली लोकवाङ्मय गृहाने काढलं. ते दुकानांत बसून राहिलं नाही. सभेच्या मांडवाबाहेर, युनियनच्या ऑफिसात, कार्यकर्त्यांच्या शबनम पिशवीतून ते गेलं आणि लाखांवर प्रती खपल्या. त्याआधी 1974 मध्ये दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली ती वाचकांची चळवळ म्हणूनच: वाचकाने आधी सभासद व्हायचं, मग त्याला पुस्तक स्वस्तात द्यायचं, आणि पुस्तकं घेऊन गावोगाव जायचं. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये ग्रंथालीकडून आलं. पुस्तकाच्या ताकदीबद्दल वाद नाही. पण ते पुस्तक ज्या घरांत शिरलं त्यांतली कितीतरी घरं त्या आधी कधी पुस्तकाच्या दुकानात शिरली नव्हती, आणि ते घडायला दारापर्यंत चालत जाणारी माणसं लागली.

टपाल खात्यानेही मराठी पुस्तकावर मोठे उपकार केले आहेत. व्हीपीने मागवलेलं पुस्तक पोस्टमन आणून द्यायचा, पैसे त्याच्याच हातात द्यायचे. ज्या गावात दुकान नव्हतं तिथे पोस्टमनच दुकान होता. 2024च्या डिसेंबरात पुस्तकांसाठीची सवलतीची ‘बुक पोस्ट’ सेवा बंद झाली तेव्हा लहान प्रकाशकांचे धाबे दणाणले, कारण पुस्तकाच्या किमतीएवढाच टपालखर्च येऊ लागला. 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा आली: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये आणि वर कर. बरं झालं. ती टिकली पाहिजे, आणि तालुक्याच्या पोस्टातल्या खिडकीवर ती आहे हे लोकांना कळलंही पाहिजे.

तेव्हा माझं मागणं दोघांकडे आहे. वाचकांनो, आपल्या गावच्या दुकानदाराकडे जा आणि पुस्तकाचं नाव लिहून द्या. आलं की ते घ्याच, छापील किमतीला घ्या, घासाघीस करू नका. वाचनालयात सूचनांची वही असेल तर तिच्यात लिहा, नसेल तर ठेवायला लावा. परगावी संमेलनाला, जत्रेला, नातेवाइकाकडे गेलात तर तिथे छापलेलं एक पुस्तक विकत घेऊन या आणि चार जणांना त्याचं नाव सांगा. आणि सरकारकडे मागणं एवढंच, की मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच्या कमानी उभारून झाल्या असतील तर आता जिथे जिथे एसटी स्टँड आहे तिथे एक गाळा पुस्तकांना द्या, नाममात्र भाड्याने, स्थानिक विक्रेत्याला. त्यात फुले, आंबेडकर, विश्वकोश आणि त्या त्या जिल्ह्यात छापलेली पुस्तकं ठेवा. गाळे आहेत, पुस्तकं छापलेली आहेत, आणि एसटीची पार्सलसेवा आजही चालू आहे.